विष्णु मिस्त्रीचा राजीनामा

२२ जानेवारी १९९५, रविवार

काशीत येऊन तीन महिने झाले. आलो होतो बकुळच्या अस्थी घेऊन, दोन दिवसांसाठी. इथल्या मराठी वस्तीतल्या बिंदुमाधवांकडे उतरलो. मी पाटबंधारे खात्यातला रिटायर ओव्हरसियर आहे हे कळल्यावर त्यांनी मला सोडलंच नाही. त्यांच्या ट्रस्टचं यात्री निवास बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत अर्धवट उभं, ठेकेदार पळालेला. म्हणाले, "दिनानाथराव, आपला माणूस देखरेख करेल तर होईल, नाही तर इथे सगळं रामभरोसे." बायकोवाचून रिकाम्या झालेल्या सांगलीच्या घरात जाऊन तरी काय करणार होतो? राहिलो.

इथल्या गल्लीत हातगाडीसुद्धा वळत नाही. वाळू, खडी, सिमेंट सगळं नावेतून घाटाला लागतं आणि तिथून डोक्यावरून वर. गवंड्याला मिस्त्री म्हणायचं, वाळूला बालू, खडीला गिट्टी, घमेल्याला तसला. आठवड्यात पाठ केलं. अक्षरं आपलीच, मग अडचण ती काय? कालिंदीवहिनी, बिंदुमाधवांच्या पत्नी, मात्र हसतात. काल मी मजुरांवर ओरडलो, "ऐसा काम करेगा तो सबको शिक्षा दूंगा!" सगळे दात काढायला लागले. शेवटी विष्णु मिस्त्री जवळ येऊन हळूच म्हणाला, "साहब, यहाँ शिक्षा इस्कूल में मिलती है. आप सजा बोलिए." हात् तिच्या!

हा विष्णु चुनारकडचा, चाळिशीतला, कामापुरतं बोलणारा. ओळंबा धरला की श्वास रोखून बघतो. सीता, त्याची बायको, आमच्याकडेच घमेली वाहते. उभ्या नोकरीत असा गवंडी मला दोनदाच मिळाला असेल.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

पंचगंगा घाटावर दोन पंड्यांचं महिनाभर भांडण चाललं होतं, छत्री कुणी कुठे लावायची यावरून. डोकी फुटली, प्रकरण चौकीत गेलं. आज जेवताना बिंदुमाधव म्हणाले, "त्या दोघांचं राजीनामा होऊन गेलं. चला, झंझट मिटली."

म्हणजे एकाने जागा सोडली म्हणायची. संध्याकाळी फिरायला गेलो तर दोघंही आपापल्या छत्रीखाली शेजारी शेजारी बसून पान चघळताहेत! मग राजीनामा दिला कुणी? आणि घाटावर बसणारा माणूस राजीनामा देणार तरी कुणाला, गंगेला? विचारणार होतो, पण वहिनींनी दूध आणून दिलं आणि राहून गेलं. ह्या लोकांचं मराठी पिढ्यान्‌पिढ्या इथल्या पाण्यात भिजलंय. सगळंच विचारत बसलो तर जेवण व्हायचं नाही.

८ फेब्रुवारी, बुधवार

आज साइटवर छेदीलाल आला. लोक त्याला छेदी नेता म्हणतात. मजूर युनियनचा अध्यक्ष, पण हाताला घट्टा नाही. पांढरं धोतर, गळ्यात गमछा, आवाज अगदी मऊ. मागे आठ-दहा जण.

"इंजीनियर साहब, आप मेहमान हैं," म्हणाला. मागणी अशी, की शनिवारचा स्लॅब त्याचीच माणसं टाकणार. नावेवरून माल तीच उतरवणार, मिस्त्रीही त्यांचेच. आमच्या माणसांनी घरी बसायचं. मी म्हटलं, ही तीस माणसं तीन महिने इथे राबताहेत, स्लॅबच्या तोंडावर त्यांना काढू? तर म्हणतो, "निकालने को कौन कहता है? ये तो हड़ताल पर हैं." विष्णुकडे बघून विचारलं, तुम्ही संपावर आहात? विष्णु म्हणाला, "हमको तो अभी मालूम हुआ."

मला हसू आलं. छेदी हसला नाही. जाताना त्याने स्लॅबखाली टेकू दिलेल्या बल्ल्या एकेक करून मोजल्यासारख्या बघितल्या.

पाटबंधाऱ्यात असताना असे पुढारी मी पैशाला पासरी पाहिले. सगळ्यांना बजावून ठेवलंय, शनिवारी सकाळी सातला सुरुवात. स्लॅब एकदा सुरू झाला की देव आला तरी थांबायचं नाही. जोड द्यायचाच झाला तर दोन तुळयांच्या मधोमध, तुळईजवळ नाही, नाही तर तिथून चिरणार. हे विष्णुकडून तीनदा म्हणवून घेतलं.

११ फेब्रुवारी, शनिवार

लिहवत नाही. तरी लिहितो.

साडेअकरापर्यंत सुरेख चाललं होतं. घाटापासून वरपर्यंत माणसांची साखळी, मिक्सर फिरतोय, विष्णु वर फळी मारतोय. मग गल्लीच्या दोन्ही तोंडांनी माणसं आली. चाळीस तरी असतील, लाठ्या घेऊन. आधी मिक्सर बंद पाडला. घाटावर नावाड्यांच्या दोऱ्या सोडून दिल्या. साखळीतल्या माणसांना एकेक करून बाहेर ओढलं. ज्याने घमेलं सोडलं नाही त्याच्या हातावर काठी. बायकांनासुद्धा. मी "रुको, रुको" ओरडत राहिलो, मला दोघांनी भिंतीला लावून ठेवलं, अगदी अदबीने, "साहब, आप इधर खड़े रहिए."

वर विष्णु आणि चौघं होते. काँक्रीट नेमकं तुळईजवळ येऊन थांबलेलं. खालून छेदीचा भाचा ओरडला, उतरो. विष्णु म्हणाला, "बीच तक जाने दो, दो हाथ बचा है." वर जेवढा माल पडला होता तेवढा ओढून त्याने कडेला अडवायला पाट्या लावल्या, मधोमध सरळ जोड केला, फळीने साफ केला. दहा मिनिटं. तोवर खालून शिव्या. चौघं उतरले. शेवटी विष्णु शिडीवर आला, तो अर्ध्यात असताना छेदीच्या भाच्याने शिडी खालून ओढली.

मी पाहिलं. दहा फुटांवर होतो. दोन हातांनी ओढली.

मांडीचं हाड मोडलंय. सीतेचा आवाज अजून कानात आहे. देवा, मी कशाला ते तीनतीनदा म्हणवून घेतलं?

१२ फेब्रुवारी, रविवार

सरकारी इस्पितळात विष्णुचा पाय वजन बांधून टांगलाय. चौकीत त्याची रपट लिहिली गेली, माझाही जबाब झाला. दरोगा म्हणाला, देखा किसने? मी म्हटलं, मैंने. तीस माणसं होती, पण नाव सांगायला दुसरं कुणी पुढे येईना. विष्णुला हे सांगितलं तेव्हा त्याने माझा हात धरून ठेवला. "आप हैं तो केस खड़ा है, साहब," म्हणाला. खटला टिकला तर त्या पोराला शिक्षा होईल, विष्णुला काही भरपाई मिळेल. नाही तर मोडका पाय घेऊन तो काय करणार?

मी त्याला शब्द दिलाय.

२० फेब्रुवारी, सोमवार

नऊ दिवस काम बंद. वाळूची एकही नाव घाटाला लागत नाही. परवा आमचे सहा जण हिंमत करून आले, तर त्यांची थापी, करणी, ओळंबे हिसकावून गंगेत फेकले. घरी जाऊन बायकांना धमकावलं. ह्याला संप म्हणायचं? संपावर बसलेल्यांनाच कुणी विचारलं नाही! चौकीत गेलो तर म्हणतात, मजदूरों का आपसी मामला है.

छेदीच्या भाच्याचा जामीन झाला. कोपऱ्यावरचा चहावाला आज मला चहा देईना. "दूध खतम," म्हणाला. शेजारी पातेलं उतू जात होतं.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

काल महाशिवरात्र झाली. वहिनींचा दूधवाला आठवडाभर आलेला नाही. बिंदुमाधव शिकवतात त्या शाळेच्या दारात दोघं रोज नुसते उभे राहतात. बिंदुमाधव जेवताना मान वर करत नाहीत.

आज दुपारी पंचगंगेच्या पायऱ्या उतरत होतो. मागून एक जण अगदी जवळ आला, खांद्याला खांदा लावून दहा-बारा पायऱ्या उतरला. मग म्हणाला, "बहुत सीढ़ी है साहब. इस उमर में संभल के." आणि निघून गेला.

मी भ्यालो. इथे लिहितो, कारण ही वही कुणी वाचणार नाही. तिथेच पायरीवर बसलो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, खिशात बकुळचा फोटो, आणि मला आईची आठवण आली. रुचीला पत्र लिहिलं, त्यात ह्यातलं काही घातलं नाही. उगाच पोरीच्या जिवाला घोर.

६ मार्च, सोमवार

छेदी आज घरी आला. बिंदुमाधवांच्या बैठकीत हात जोडून बसला. मला वाटलं आता काहीतरी भयंकर मागणार. तर म्हणाला, "हम झगड़ा नहीं चाहते. ढुलाई आधी आपकी, आधी हमारी. बस, विष्णु का राजीनामा करवा दीजिए. परसों कागज, फिर दो दिन में नाव लग जाएगी."

मी मनात म्हटलं, माल वाहायचं काम अर्धं अर्धं आणि एक कागद, एवढंच? विष्णु त्यांच्या युनियनमध्ये नाही, तो त्यांना साइटवर नको, म्हणून त्याने काम सोडल्याचं लिहून द्यायचं. तो बिचारा असाही सहा महिने कामावर येत नाही. एक गोष्ट जरा खटकली, रोजंदारीवरच्या गवंड्याचा राजीनामा कसला? पण पुढाऱ्यांना कागद मिरवायचा असतो, जिंकल्याचा. मिरवू दे.

बिंदुमाधव खाली बघत म्हणाले, "तुम्ही बोलाल तरच तो मानेल. आमची तर तोंड उघडायची हिम्मत नाही." कालिंदीवहिनी दारात उभ्या होत्या, त्या वळून आत गेल्या. मी छेदीला म्हटलं, ठीक है, मैं बात करूंगा. त्याने उठून माझ्या पायांना हात लावला.

किती दिवसांनी आज भूक लागली.

८ मार्च, बुधवार

इस्पितळात जाऊन आलो. छेदीच्या वकिलाचा मुन्शी कागद तयार करूनच आला होता, चक्क स्टॅम्पपेपरवर. वर ठळक अक्षरांत "राजीनामा". खाली मुन्शीचं किरटं अक्षर आणि सगळी कचेरीची भाषा, फरीकैन, बाहम, मुद्दई, दोन ओळींनंतर मी नाद सोडला. ह्यांचा राजीनामासुद्धा लांबलचक.

विष्णुने विचारलं, "साहब, आपको मंजूर है?"

म्हटलं, हां, तुम्हारे भले का है.

"आप भी यही कहते हैं?"

"हां भाई. इन लोगों से कौन लड़ेगा? बाद में मैं देख लूंगा." माझ्या मनात होतं, निवास पूर्ण झालं की त्याला तिथे वॉचमन करून घेईन, बसून काम.

सीता मध्येच म्हणाली, "आप तो अपनी आँख से देखे रहे."

मी म्हटलं, "देखा है, इसीलिए तो कहता हूं." त्या टांगलेल्या पायाकडे मी बोट दाखवलं. ती माझ्याकडे असं बघत राहिली की मलाच राग आला. आपण हिच्या नवऱ्याच्या भल्याचं सांगतोय, आणि ही बघते कशी!

विष्णुने मुन्शीकडून पेन मागून घेतलं. मग सही केली. अक्षर सुबक आहे त्याचं. खाली गवाह म्हणून मुन्शीने माझी सही घेतली, दोन ठिकाणी. बाहेर पडताना विष्णुने हाक मारली नाही, एरवी मारतो.

१० मार्च, शुक्रवार

नाव लागली! सकाळी घाटावर वाळूचे ढीग बघून डोळ्यांत पाणी आलं. चहावाल्याने स्वतःहून हाक मारली. दूधवालाही आला. बिंदुमाधव म्हणाले, "तुम्ही बरं केलं. मनावर घेऊ नका. असली कामं बाहेरचा माणूसच करू शकतो." मला ते कौतुकच वाटलं, पण बोलण्याची तऱ्हा काही आवडली नाही.

२६ मार्च, रविवार

होळीच्या सुट्टीनंतर उरलेला स्लॅब काल टाकून झाला. विष्णुने केलेल्या जोडापासूनच सुरुवात केली. कडा इतकी सरळ की सिमेंटचं पाणी ओतताना मन भरून आलं.

सीता कामावर येत नाही. बाजारात दिसली, मी हाक मारली, तिने रस्ता बदलला. इस्पितळात दोनदा गेलो, दोन्ही वेळा विष्णु झोपलेला. किंवा तसा पडून राहिलेला. राजीनामा इतका लागेल त्याला असं वाटलं नव्हतं. मानी माणूस. वॉचमनचं सांगितलं की निवळेल.

१८ एप्रिल, मंगळवार

आज खटल्याची तारीख होती. मला समन्स नव्हतं, तरी इस्त्रीचा सदरा घालून कचेरीत गेलो. शब्द दिला होता ना, म्हणून. वाटेत उत्तरं घोकत होतो, दोन हातांनी ओढली, मी दहा फुटांवर होतो.

कोर्टाबाहेर व्हरांड्यात विष्णु कुबड्यांवर उभा, शेजारी सीता. छेदी आणि त्याचा भाचाही होते, हसतखेळत. मी विष्णुला म्हटलं, घाबरू नको, मी सगळं सांगणार आहे. त्याने तोंड फिरवलं. तेवढ्यात पुकारा झाला, सगळे आत गेले आणि पाच मिनिटांत बाहेर आले. मी मुन्शीला विचारलं, मला कधी बोलावणार? माझी साक्ष?

मुन्शी म्हणाला, "गवाही काहे की? राजीनामा तो दाखिल है. मुकदमा खतम."

म्हटलं, राजीनामा तर नोकरीचा. तो वेड्यासारखा माझ्याकडे बघायला लागला. "नौकरी का? नौकरी का तो इस्तीफा होता है. राजीनामा माने सुलह, साहब. दोनों पार्टी राजी. आप ही ने तो करवाया." मग फाइल उघडून त्याने मला एकेक ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. विष्णु शिडीवरून स्वतःचा पाय घसरून पडला. कुणी ढकललं नाही, कुणी शिडी ओढली नाही. रपट गैरसमजातून लिहिली गेली. आणि खाली, साक्षीदार दिनानाथ केळशीकर यांनी पाय घसरताना समक्ष पाहिलं. माझी सही. त्या वळणदार "के"सकट माझीच सही.

व्हरांड्यातल्या खांबाला धरून उभा राहिलो. छेदी जाता जाता नमस्कार करून गेला.

१९ एप्रिल, बुधवार

सकाळीच विष्णुच्या खोलीवर गेलो, राजघाटाकडे. जमिनीवर बसलो. सगळं सांगितलं. आमच्याकडे राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं, मला वाटलं तेवढंच, देवाशपथ तेवढंच. बोलता बोलता रडलो. लाज वाटली, पण थांबता येईना.

विष्णु शांतपणे ऐकत होता. म्हणाला, "हमने तो पूछा था साहब, आपको मंजूर है? आपने हाँ कहा. तो हमने सोचा, साहब डर गए. डर तो सबको लगता है. आपको तो लौटना भी है."

"विष्णु, मैं डर के नहीं..." म्हटलं.

सीता चुलीपाशी होती. पाठमोरीच म्हणाली, "हमको तो एक ही राजीनामा मालूम है. रोज की मजूरी वाला कौन नौकरी छोड़ता है लिख के?"

वॉचमनच्या कामाचं बोललो, तर विष्णुने मान हलवली, नको. पाय दोन इंच आखूड झालाय. परांचीवर चढणं संपलं. वर जाता येत नाही तो मिस्त्री कसला, म्हणाला. गावी जाणार आहेत, चुनारला. निघताना त्याने एवढंच विचारलं, "जोड़ से पानी तो नहीं टपकता?"

नाही म्हटलं. एक थेंब नाही.

२० एप्रिल, गुरुवार

ही वही मागून पुढे चाळत बसलो. ६ मार्चला मीच लिहिलंय, रोजंदारीवरच्या गवंड्याचा राजीनामा कसला. ८ मार्चला स्टॅम्पपेपर. आणि ३ फेब्रुवारीला ते दोन पंडे, राजीनामा होऊन शेजारी शेजारी पान खाणारे. सगळं माझ्याच अक्षरात. विचारणार होतो, पण राहून गेलं, असंही लिहिलंय. फेब्रुवारीत राहून गेलं, ते खरंच राहून गेलं. मार्चमध्ये? बकुळ असती तर तिच्या डोळ्यांत बघून मला सांगता आलं असतं का की मला माहीत नव्हतं? मला भीती वाटत होती, नाव लागायला हवी होती, आणि तो शब्द मला हवा तसाच कळला.

इथल्या एका वकिलाकडे गेलो. म्हणाले, आता कोर्टात जाऊन सही केली ते खोटं होतं म्हणालात तर आधी तुम्हीच आत जाल, आणि विष्णुने स्वतः कबूल केलंय त्याचं काय? उद्या पुन्हा जाणार आहे. जाईन असं लिहून ठेवतो. मागची पानं वाचल्यावर माझ्या लिहिण्यावर माझाच भरवसा उरलेला नाही.

ट्रस्टचं काम सोडतोय. त्यांची फाइल हिंदीत, म्हणून अर्ज हिंदीत लिहायला बसलो. पहिल्याच ओळीला अडलो. उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो आणि कालिंदीवहिनींना विचारलं, नोकरी सोडायच्या कागदाला तुमच्याकडे नेमकं काय म्हणतात? मुन्शीने सांगितलं होतं, तरी खात्री करून घेतली.

"इस्तीफा," त्या म्हणाल्या. मग भाजी चिरता चिरता, "भावजी, त्या दिवशी पण मी इथेच होते. विचारलं असतं तर सांगितलं असतं."